वाघ्या मिक्सरले भेते!

आमचा वाघ्या कुणाच्या बापाला भीत नाही, ही बातमी मुकुटबनात मीच पसरवली होती. सिमेंटचे ट्रक धडधडत गेले तरी त्याची झोप मोडत नाही. मालगाडीनं भोंगा दिला तरी फाटकाजवळ ढिम्म उभा. चहाच्या टपरीवर हे सांगताना समोरचा 'जसा मालक तसा कुत्रा' म्हणेल, याची मी वाट पाहायचो. कुणी म्हणायचं नाही. मग मीच म्हणायचो.

आणि एक दिवस शेजारच्या काकांनी भर टपरीवर विचारलं, "काहो सर, तुमचा वाघ्या मिक्सरले भेते म्हंते?"

भेते. बायकोनं शेंगदाण्याच्या चटणीसाठी बटण फिरवलं की वाघ्या दिवाणाखाली. शेपूट तेवढी बाहेर राहते, आणि ती थरथरत असते. कुलर सुरू झाला की थेट अंगणात, चव्वेचाळीस अंशांत!

आता कुलरचा विषय निघालाच आहे, तर थांबणं अवघड. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना आमचा पत्र्याचा कुलर कळत नाही. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवलेली ती पेटी, वुडवूलच्या नव्या ताट्यांचा पहिल्या दिवशीचा ओला लाकडी वास, पंप अडकला की मारायची थाप, ओल्या हातानं बॉडीला शिवलं की बसणारा झटका. कोरड्या हवेत पाणी झपाट्यानं उडतं, उडताना उष्णता ओढून घेतं, म्हणून हे यंत्र विदर्भात देव आणि मुंबईच्या दमटात नुसता भोंगा. आमच्याकडे मार्चमध्ये कुलर उतरवला नाही, तर घरधन्याच्या कर्तबगारीवर शंका घेतात. आवाज? जेवढा आवाज, तेवढी हवा, असा आमचा पक्का समज. वाघ्याला तो कुणी विचारला नव्हता.

वाघ्याच्या भीतीचं कारण साधं आहे. आपले कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकतात, कुत्र्याचे 45,000च्या आसपास. मिक्सरच्या किंचाळीतलं जे आपल्यापर्यंत पोचतच नाही, तेही त्याला ऐकू येत असावं. शिवाय मालगाडी लांबून सांगून येते. मिक्सर सांगत नाही.

उपाय 1924 सालीच सापडलेला आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या चिमुरड्याला आवडीचा खाऊ दिला आणि ससा लांब ठेवला. मग दर खेपेला थोडा जवळ. पीटर शेवटी सशाला कुरवाळू लागला. आम्ही मोबाइलवर कुलरचा आवाज भरला, मागच्या खोलीत अगदी हळू लावला आणि वाघ्यापुढे उकडलेलं अंडं ठेवलं. आवाज बंद, अंडं बंद. उठून जायची मोकळीक कायम, ओढून आणायचं नाही. मग आवाज थोडा वाढवायचा, आणि शेवटी खरा कुलर.

टपरीवरचा सल्ला वेगळा होता: "धरून बसवा त्याले कुलरपुढं, भेव निंघून जाईन." या सल्ल्याचा मला खरोखर संताप येतो. माणसं मारणारी म्हणून गाजलेली टी-1 वाघीण 2018च्या नोव्हेंबरात मारली गेली, त्याआधी राळेगाव-पांढरकवड्याकडे शेतात जायची लोकांना धास्ती होती. त्यांनाही पंख्याखाली बसलेली माणसं 'भिता काय' म्हणतच होती. भिणाऱ्याला भित्रा म्हणायला काही खर्च येत नाही. अंड्याला येतो.

वाघ्या आता कुलरपुढची जागा सोडत नाही; मलाच सरकून बसावं लागतं. मिक्सरचा अभ्यास अजून चालू आहे. तोवर चटणी खलबत्त्यात होते, आणि कुटायचं काम बायकोनं मालकाकडे दिलं आहे. टपरीवर कृपया बोलू नका.