उसना ळ

माझं गाव सावली. चंद्रपूर जिल्ह्यात, गडचिरोलीच्या वाटेवर. 1936 साली गांधी सेवा संघाच्या अधिवेशनाला गांधीजी इथे आले होते, म्हणजे गाव त्यांना ठाऊक होतं. पुण्यातल्या माझ्या घरमालकीणबाईंना नव्हतं. "सावली? वा, गार असेल!" त्या म्हणाल्या. मे महिन्यात आमच्याकडे सावलीसुद्धा सावली शोधते, हे मी सांगितलं नाही. तोंड उघडायचीच चोरी होती.

अडचण ळची. आम्ही जन्माने र-वाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीपट्टीत डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा आणि शाळेची शारा. पुण्यात मी आपखुशीने ळ-वाल्यांत दाखल झालो आणि नव्याने माळ घातलेला जसा कांदालसूणही सोडतो, तशा उत्साहाने दिसेल त्या र चा ळ करू लागलो. मेसमध्ये ऐटीत म्हणालो, "काकू, अजून एक भाकळी." काकूंचा हात भाकरीसकट हवेतच थांबला. मग त्यांनी ती वाढली, वर लोणच्याची फोडही दिली. आजाऱ्याला देतात तशी.

पुढे डॉ. हरिश्चंद्र बोरकरांचं झाडीबोलीवरचं काम वाचलं आणि कळलं, की आमची जीभ नादुरुस्त नाही, बोलीच तशी आहे. पण तोवर ळ पक्का बसला होता.

दिवाळीनंतर घरी गेलो. जेवताना मायला म्हणालो, "वरण पातळ झालंय." ती घाबरून पाण्याचा गिलास घेऊन आली. "कावून रे बाबू, गऱ्यात काई अडकला का?"

गावात नाटकाची तयारी चालली होती. वडशाची कंपनी ठरलेली. रात्रभर नट तोंडभरून ळ म्हणणार आणि सगळी र-वाली मंडळी घोंगड्या पांघरून टाळ्या वाजवणार. त्याने म्हटला तर टाळी, मी म्हटला तर पाणी!

वर्गणीच्या वहीत गावकऱ्यांचा दर वेगळा, पाहुण्यांचा दुप्पट.

"मी गावचाच ना जी, काकाजी," मी म्हणालो.

वही धरलेल्या काकाजींनी चष्म्यावरून पाहिलं. "मंग 'कारा डोरा' म्हन."

"कारा डोरा!" मी खणखणीत म्हणालो. जमलेले सगळे हसले, काकाजींनीही मान डोलावली. मला इतका आनंद झाला, की राहवलं नाही.

"बळोबळ ना जी?"

काकाजींनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्या नावापुढे पाहुण्याचा आकडा लिहिला.