अर्जंट कुणाला?

हिंजवडीतल्या कुठल्याही बऱ्यापैकी मोठ्या ऑफिसात हे गृहस्थ असतातच. आम्ही त्यांना 'कारभारी' म्हणतो. सगळ्या टीमांचे फ्लिंकचे जॉब एकाच कुबरनेटिस क्लस्टरवर नांदतात आणि त्यात कुणाला किती सीपीयू, किती मेमरी, हा तंटा कारभारी मिटवतात. "अर्जंट आहे हो," म्हणत कुणी आलं की मान वर न करता विचारतात, "अर्जंट कुणाला?"

पूर्वी असे नव्हते. प्रायॉरिटीचा आकडा ज्याचा त्याने टाकावा, अशी भाबडी मोकळीक त्यांनी दिली होती. एकाने १००० टाकला, शेजारच्याने १०,०००. मग लाख, मग कोटी. शेवटी दिवाळी ऑफरच्या बॅनरवरचे क्लिक मोजणाऱ्या पोराने थेट १०० कोटी टाकले. आपल्यासारख्यांना त्यापुढे जाताच येत नाही. वरचे आकडे खुद्द सिस्टिमसाठी राखीव. क्लस्टरवर जागा नव्हती, म्हणून शेड्यूलरने इमानेइतबारे कमी आकड्याचा एक पॉड बाहेर काढला. तो पेमेंटमधली फसवणूक पकडणारा निघाला!

तेव्हापासून आकडे कारभारीच वाटतात, आणि वर व्याख्यान देतात. "रात्रीचा रिपोर्ट थांबवला तर सकाळी होतो. स्ट्रीमचं तसं नाही. जॉब हाकलला तरी काफ्कात मेसेज साचतच राहतात. परत आला की मागच्या चेकपॉइंटपासून सुरुवात, आणि तुंबलेलं उपसायला दुप्पट खाणार!" ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

त्यांची लाडकी सेटिंग 'नेव्हर': रांगेत पुढे उभं राहायचं, पण बसलेल्याला उठवायचं नाही. कॅन्टीनमध्येही हेच. जेवण कधीच उरकून गप्पा छाटणाऱ्यांच्या टेबलाशी मिसळीचा ट्रे घेऊन मुकाट उभे राहतील, तर्रीवर साय धरेल, पण "उठता का?" म्हणणार नाहीत.

आणि एवढे कडक असून संध्याकाळी हळूच विचारतात, "त्या इंटर्नचा लॅग किती झाला रे?" सगळ्यात खालचा आकडा त्यांनीच दिलेला असतो. आमच्या काफ्कात मेसेज सात दिवस टिकतात, मग पुसले जातात. सहाव्या रात्री क्लिकवाल्याचा कोटा गुपचूप कापून इंटर्नचा जॉब पुढे सरकवलेला असतो. विचारलं तर म्हणतात, "मेंटेनन्स होता."

मागे वहिनींनी चारचौघांत विचारलं, "घरात माझा आकडा किती हो?"

"थेट सिस्टिमचा! २०० कोटी १ हजार."

"मग आधी दळण आणा."