माशीचं प्रमाणपत्र

परदेशी जनावर मुंबईत उतरलं, की १८९८चा पशुधन आयात कायदा आडवा येतो: दाखला, तपासणी, विलगीकरण. बर्ड फ्लूच्या भीतीनं आपण अमेरिकन कोंबडी अडवली आणि २०१५ साली जागतिक व्यापार संघटनेत हरलो. बंदी कडक होती, पण धोक्याचं शास्त्रीय मूल्यांकन करायचंच राहिलं होतं! मोर्शीचा शेतकरी गोऱ्हा घेताना दात बघतो, खूर बघतो, वर विकणाऱ्याच्या गावात काही साथ आहे का, हेही विचारतो. त्याला जिनिव्याला, व्यापार संघटनेपुढे न्यायला हवं होतं. २०२२चा गुरांचा लम्पी त्वचारोग मात्र माश्या-गोचिडांच्या जिवावर पसरला. गायींना शेळ्यांच्या देवीची लस टोचली, बैलबाजार बंद केले. बाजारबंदीचा आदेश माश्यांपर्यंत पोचवायची जबाबदारी कुणाची, ते तेवढं आदेशात नव्हतं.