गॅसची गोळी

आपल्याकडे औषधाच्या चिठ्ठीवर पॅन्टोप्राझोल हे गॅसच्या गोळीचं नाव लग्नपत्रिकेतल्या ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’सारखं असतंच. पुढे चिठ्ठी हरवते, गोळी मात्र राहते; रोज, बहुधा मिसळ चापून झाल्यावर. वास्तविक ही गोळी जठरातले आम्लाचे पंप बंद करते, आणि तेही जेवणाने जागे होणारे. म्हणून ती न्याहारीआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची. अल्सरची तर आणखीच गंमत. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने 1984 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे अल्सरला कारण ठरणारे जंतू स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. 2005 मध्ये रॉबिन वॉरनसह त्याला नोबेल मिळालं. आपण अजूनही खापर हिरव्या मिरचीवर फोडतो. जंतू असतील तर अँटिबायोटिक्सचा पुरा कोर्स हवा. नुसत्या गोळीने अल्सर भरेल, पण जंतू मुक्कामालाच राहतील.

‘गोळी सोडली की दुप्पट जळजळतं, म्हणजे गरज आहेच ना?’ असं कुणी विचारेल. नाही. महिनोन्‌महिने दाबलेलं आम्ल गोळी थांबताच काही काळ उसळतं. डॉक्टरांना विचारून डोस हळूहळू उतरवता येतो. वर्षानुवर्षं घेतल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम घटू शकतं. मात्र अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक नियमित घेणाऱ्या अनेक वृद्धांना, अल्सरमधून रक्तस्राव होऊन गेलेल्यांना ती खरोखर वाचवते. त्यांनी हे वाचून शौर्य दाखवू नये. आणि शौचाला डांबरासारखं काळं होऊ लागलं, घास अडकू लागला किंवा वजन विनाकारण घटलं, तर केमिस्टकडे ‘एक पट्टी द्या’ म्हणून भागत नाही. तिथे डॉक्टर लागतात, बहुधा एंडोस्कोपीही.