पंचवीसपैकी किती? : एचआरसीटी स्कोअर यांना अनावृत पत्र

श्रीमान स्कोअरसाहेब,
मु. पो. रिपोर्टची शेवटची ओळ.



२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या लाटेत, नगर जिल्ह्यावर राज्य कुणाचं होतं, असं कुणी विचारलं तर आम्ही बेधडक आपलं नाव सांगू. जामखेड, पाथर्डी, शेवगावहून निघालेल्या गाड्या डॉक्टरांच्या आधी आपल्या दर्शनाला थांबायच्या. ‘तब्येत कशी आहे?’ असं विचारायची रीतच मोडली. फोन उचलला की पहिला प्रश्न, ‘स्कोअर किती?’ पाच म्हटलं की पलीकडचा माणूस सुटकेचा श्वास सोडायचा, पंधरा म्हटलं की रडारड. मग पंधरावाला इकडे कॉटवर मांडी घालून पोहे का खात असेना!

आपलं गणितही किती सुटसुटीत. सीटी स्कॅनवर दिसणारे फुप्फुसांचे पाच भाग, आजार किती पसरला त्यावर प्रत्येकाला पाचपैकी गुण, बेरीज पंचवीस. जास्त गुण मिळवणारा नापास होतो अशी ही एकमेव परीक्षा, आणि तिची फी सरकारला सप्टेंबर २०२० मध्ये दोन ते तीन हजार रुपयांवर बांधून द्यावी लागली. ३ मे २०२१ ला एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया सांगत होते, की लक्षणं सौम्य असतील तर सीटी काढू नका, किरणोत्सर्ग फुकट अंगावर घेऊ नका. पण आपल्या दरबारात त्यांचं ऐकतो कोण? अंग कोमट लागलं की चालले लोक मशीनखाली.

या थाटामाटात एक गरीब पाहुणी दारातच उभी राहिली : लघवीची बाटली. नाक मुरडू नका, साहेब. जर्मनीत ग्योटिंगेनच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी मे २०२० मध्येच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं, की कोविडचा पेशंट पुढे बिघडणार का, याची चाहूल लघवीत आधी लागू शकते. पट्टी बुडवायची, रंग बघायचा. प्रथिनांचा पिवळा चौकोन हिरवा पडला, रक्ताच्या किंवा पांढऱ्या पेशींच्या खुणा दिसल्या, की सावध व्हायचं. कारण लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जायला लागलं की रक्तात ते कमी पडतं आणि पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, फुप्फुसातही. तसंच रक्ताच्या गुठळ्या रोखणारं अँटीथ्रॉम्बिन घटलं की गुठळ्यांचं भय वाढतं, आणि त्याच्याच जोरावर चालणारं हेपॅरिनचं इंजेक्शन लंगडं पडतं. वुहानच्या एका रुग्णालयात तर ७०१ पेशंटांपैकी सुमारे ४४ टक्क्यांच्या लघवीत प्रथिनं आणि २७ टक्क्यांच्या लघवीत रक्त सापडलं, आणि अशांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं.

पण पट्टीला काळीपांढरी फिल्म नसते, काखेत मिरवायचं मोठं पाकीट नसतं. व्हॉट्सअॅपवर भावकीला पाठवायला फोटोही बरा दिसत नाही. मग तिला विचारणार कोण?

आता आपल्यावर अन्याय नको. दम लागलेल्या, ऑक्सिजन उतरलेल्या पेशंटची फुप्फुसं किती भरली, हे आपण चोख दाखवता. लघवीची बाटलीही काही त्रिकालज्ञानी नाही. जुना मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असलं तर तिथे प्रथिनं आधीपासूनच असू शकतात. म्हणून तर एका आकड्यावर माणसाचं भविष्य लिहायचं नसतं. आपण मात्र ते लिहू दिलंत, हा आपला गुन्हा. आणि आम्ही ते वाचून घाबरलो, यात आपल्याला साथ देणारे आम्हीच.

याच जिल्ह्यातलं हिवरे बाजार बघा. मे २०२१ मध्ये ते गाव कोरोनामुक्त झालं, ते आपल्या कृपेने नव्हे. स्वयंसेवक घरोघरी जाऊन ताप आणि ऑक्सिजन बघत होते, लक्षण दिसलं की माणूस वेगळा ठेवत होते. स्वस्त साधन आणि रोजची नजर, एवढंच.

तेव्हा पुढची साथ आली तर आपण बोलावल्यावर यावं. आधी बोटाला ऑक्सिमीटर, मग चालायला लावून दम लागतो का ते बघणं, मग रक्त, मग ती बाटली. एवढं होऊनही डॉक्टरांना शंका राहिली तर आपल्याला सन्मानाने पाचारण केलं जाईल.

आपला,
पंचवीसपैकी सात मिळवून तीन रात्री न झोपलेला
एक नगरकर

ता. क. बाटलीसाठी आगाऊ नंबर लावावा लागत नाही आणि वशिलाही चालत नाही. तिला प्रतिष्ठा मिळाली नाही, ती बहुधा म्हणूनच.