सरका नं जी!

स्वस्तात विमान कंपनी कशी चालवावी हे शिकायला लोक टेक्सासला जातात. साउथवेस्ट नावाची कंपनी तिथे १९७१ पासून उडते आहे आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत तिच्यावर पानंच्या पानं खर्ची पडली आहेत. एकाच जातीची विमानं ठेवा, ती जमिनीवर फार वेळ उभी करू नका, फुकट खायला घालू नका आणि रिकामी खुर्ची नेऊ नका, असा त्या पानांचा सारांश. एवढ्यासाठी अमेरिकेचं तिकीट काढायची गरज नाही. आमच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या चौकात सकाळी उभं राहावं. सगळा अभ्यासक्रम तिथे चहा संपायच्या आत पुरा होतो.

आमच्या या कंपनीला काळी-पिवळी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातलं वडाप ते हेच. जीप सगळ्या एका जातीच्या, त्यामुळे एकीचा निखळलेला दरवाजा दुसरीला बसतो. वेळापत्रक नाही, गाडी भरली की वेळ झाली. आता 'भरली' कधी म्हणायचं? विमान कंपन्या शंभरातल्या नव्वद खुर्च्या भरल्या तरी पेढे वाटतात. आमचा ड्रायव्हर शंभराच्या पुढून मोजायला सुरुवात करतो. तो स्वतःच्या सीटवर अर्धाच बसतो, आपल्या उजव्या हाताला एक गिऱ्हाईक घेतो आणि गिअर टाकायचा झाला की डावीकडच्याला पाय उचलायला सांगतो. विमानात खिडकीचे जास्त पैसे पडतात. इथे ज्याला गाडी लागते त्याला खिडकी फुकट, आणि त्यात बाकीच्या सगळ्यांचं हित असतं. भांडवल, मनुष्यबळ, नियोजन या साऱ्यासाठी त्याच्याकडे एकच वाक्य आहे: "सरका नं जी थोडंसं."

आता अशा कंपनीपुढे मोठ्या घराण्यानं काय करावं? आमच्याकडे मोठं घराणं म्हणजे एसटी, १९४८ सालची. काळी-पिवळीवाल्यांनी जवळपासचे प्रवासी पळवले तेव्हा एसटीनं 'यशवंती' नावाची छोटी बस काढली. तानाजीची घोरपडही यशवंतीच, त्यामुळे नावापुरती तरी ती गड चढायच्या तयारीनं आली होती. पण खरा घाव बसला मार्च २०२३ मध्ये. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं. पंचाहत्तरीच्या वरच्यांना तर त्याच्या आधीच्या वर्षीपासून फुकट.

"बाया सप्पा तिकडं गेल्या जी, गुरुजी," ओळखीचा एक ड्रायव्हर मला सांगत होता. "हाफ तिकीट करून देल्लं सरकारनं. आमी का करावं?"

"तुम्ही पण अर्धं करा."

"मंग गाडीत दुप्पट बसवा लागंल." तो क्षणभर थांबला. नुसता विनोद करत नव्हता, जागा कुठे निघते ते मनातल्या मनात बघत होता.

तर आमचा भाचा पुण्याला असतो. त्यानं नवं घर घेतलं आणि वास्तुशांतीला आम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढून टाकली. "मामा, नागपूर ते पुणे, दोन हजारांच्या आत! मामीला सांगा, आता नाही म्हणायचं नाही."

हवाई प्रवासाचा मला अनुभव नाही असं नाही. निवडणूक आली की आमच्या जिल्ह्यातल्या दूरच्या केंद्रांवर मतदान पथकं हेलिकॉप्टरनं पाठवतात, आणि पथक म्हटलं की त्यात गुरुजी आलेच. तिकीट नाही, सामानाचं शुल्क नाही. जागा निवडायची सोय नाही आणि जायचं की नाही हे निवडायचीही नाही, कारण त्या कामात निवड फक्त मतदारानं करायची असते. तेव्हा भाच्याला मी पहिला प्रश्न अनुभवी माणसाचाच विचारला: "एवढ्या पैशात त्यांना परवडतं कसं?"

"मामा, तुम्ही पोहोचा तर खरं."

पण प्रश्न डोक्यातून जाईना. शाळेला सुट्टी होती, म्हणून थोडं वाचून काढलं आणि एक मोठी गंमत हाती लागली. स्वस्त कंपन्यांना परवडतं. परवडत नाही ते मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त लेकरांना.

ब्रिटिश एअरवेजचंच घ्या. इझीजेटनं फार सतावलं म्हणून तिनं १९९८ साली 'गो' नावाची स्वस्त कंपनी काढली. पहिल्याच विमानात इझीजेटचा मालक स्टेलिओस आपल्या माणसांना नारिंगी कपडे चढवून तिकीट काढून जाऊन बसला, आणि 'गो'च्या प्रवाशांना त्यानं आपल्या कंपनीची फुकट तिकिटं देऊ केली. लग्नघरात घुसून दुसऱ्या स्थळाची पत्रिका वाटण्यातला हा प्रकार. चार वर्षांनी 'गो' विकत घेतली ती इझीजेटनंच. अमेरिकेत युनायटेडनं २००४ साली आपल्याच नावाची शेवटची तीन अक्षरं तोडून 'टेड' काढली. ती पाच वर्षांत मिटली. डेल्टाची 'साँग' तीन वर्षं गायली.

आपल्याकडेही हा कार्यक्रम झाला. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ साली आली. एक रुपयाचं तिकीट, आणि जाहिरातीत आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन. तो धोतरातला, चौकटीच्या कोटातला माणूस प्रथमच रांगेत उभा न राहता उडताना दिसला. मग किंगफिशरनं ती कंपनी घेतली आणि २००८ साली तिचं 'किंगफिशर रेड' केलं. कॉमन मॅन उतरला, लाल पक्षी बसला. २०११ साली मालकानं ही स्वस्ताई बंद करायचं ठरवलं, आणि पुढच्याच वर्षी महागाईही जमिनीवर आली. जेट एअरवेजनं २००७ साली एअर सहारा साडेचौदाशे कोटींना घेऊन तिला 'जेटलाइट' म्हटलं. पुढे 'जेट कनेक्ट' काढली. एप्रिल २०१९ मध्ये उरलीसुरली दुकानंही एकदम मिटली. ऑस्ट्रेलियात क्वांटासची 'जेटस्टार' मात्र २००४ पासून टिकून आहे, आणि एअर इंडियाची 'एक्सप्रेस' २००५ साली केरळातून आखाताकडे निघाली ती अजून उडते. पण या दोघी अपवादातल्या.

कारण शोधायला फार खोल जावं लागत नाही. मोठ्या घरातल्या धाकट्या कंपनीला पायलट थोरलीचे, पगार थोरलीचे, साहेब थोरलीचे, काटकसर मात्र तिची एकटीची. वर गिऱ्हाईकही थोरलीचंच येतं. शेजारच्या कंपनीचा प्रवासी पळवायला काढलेलं स्वस्त तिकीट आपलाच जुना प्रवासी हसत हसत काढतो. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मोठ्या घरात कुणाला सरकून बसायची सवय नसते. आमच्या ड्रायव्हरकडे पाहा, तो आधी स्वतः सरकतो.

असो. निघायचा दिवस उजाडला. सामान असं: चारोळी, वास्त्यांचं लोणचं, मोहाच्या लाडवांचे दोन डबे आणि भाच्याच्या नव्या घरासाठी आलापल्लीच्या अस्सल सागाचा पोळपाट. लाटण्यासकट, आणि पावतीसकट. आमच्या भागात सागाचा चमचासुद्धा पावतीशिवाय घेऊन फिरू नये.

सौ. म्हणाल्या, "मी एसटीनं जाते. अर्धं तिकीट आहे."

"आणि मी?"

"तुम्ही सामान घेऊन काळी-पिवळीनं या. तो टपावर ठेवायचे पैसे घेत नाही."

असा आमच्या संसारात वाहतूक धोरणानं भेद केला. सौ. ऐटीत खिडकीशी बसून पुढे गेल्या. मी ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. म्हणजे स्टिअरिंग माझ्या डाव्या बरगडीशी आणि माझा उजवा खांदा गडचिरोली जिल्ह्याच्या मोकळ्या हवेत. लगाम गावापर्यंत दोन्ही बाजूंना साग असा दाट की माझ्या जागेवरून झाडं नुसती दिसत नव्हती, हाताला लागत होती. समोरून लोखंडाच्या दगडाचे ट्रक येत. ट्रक आला की ड्रायव्हर गाडी डावीकडे घेई, सगळी गाडी उजवीकडे कलंडे आणि नऊ-दहा माणसांचं एकमत होऊन ते माझ्या अंगावर येई.

आष्टीला वैनगंगेचा पूल लागतो. अलीकडे आमचा जिल्हा, पलीकडे चंद्रपूर. आमच्याकडे १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातली २०२१ साली उठली. पूल ओलांडताच मागच्या बाकावरच्या दोघांना गोंडपिंपरीला अचानक महत्त्वाचं काम आठवलं आणि ते उतरले. मी लगबगीनं मागे जागा धरली, तर ड्रायव्हरनं तिथे चार जण बसवले. चंद्रपूरच्या स्टँडवर सौ. माझी वाट पाहत भज्यांची दुसरी प्लेट संपवत होत्या. "अर्ध्या तिकिटात वाचले त्याची," त्यांनी हिशेब दिला. तिथून नागपूर दीडशे किलोमीटर. तेवढं अंतर दोघांनी एकाच गाडीतून केलं, मी पूर्ण आणि त्या अर्ध्या.

नागपूरच्या विमानतळावर खिडकीपलीकडच्या मुलीनं आमची पिशवी काट्यावर ठेवली. माणशी पंधरा किलो चालतं. आमचं त्याहून चांगलंच वर गेलं. वरच्या प्रत्येक किलोला पाचशेच्या वर रुपये.

"आधी सांगा," सौ. पुढे झाल्या, "बायांना अर्धं नाही का?"

"नाही मॅडम."

"पंचाहत्तरीच्या वरच्यांना फुकट?"

"नाही मॅडम. तुम्ही आहात का पंचाहत्तरीच्या?"

इथे दोन मिनिटं वातावरण तंग झालं. मी मध्ये पडून पोळपाट बाहेर काढला. २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी आमच्याकडचं सागवान बल्लारपूरहून निघालं तेव्हा शोभायात्रा निघाली होती, रस्त्यावर माणूस मावत नव्हता. त्याच सागाच्या पोळपाटाला इथे किलोचा भाव सांगत होते. हातातल्या सामानात नेला तर? त्याला सात किलोची वेगळी हद्द, आणि तीही भरलेली. लाटण्याकडे मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी अशा नजरेनं पाहिलं की त्यांचा त्या वस्तूशी जुना परिचय असावा.

शेवटी सौं.ना सुचलं. "माणसाचं वजन करता का हो तुम्ही?"

"नाही मॅडम, फक्त सामानाचं."

"मग झालं!" म्हणून त्यांनी लाडवांचा पहिला डबा उघडला.

पाचेक लाडू आम्ही दोघांनी उभ्या उभ्या पोटात जमा केले. मग रांगेत वाटप सुरू झालं. कुणी आधी नाही म्हणालं, पण मोहाचा लाडू आहे कळताच रांग पुढे सरकायची थांबली आणि आमच्याकडे सरकू लागली. एका चष्मेवाल्या तरुणानं हळूच विचारलं, "काका, यात ते नसतं ना?"

"आमच्या जिल्ह्यात बंदी आहे," मी गुरुजींच्या आवाजात सांगितलं. त्याचा चेहरा पडला. दुसरा डबा रिकामा झाला तेव्हा काटा हद्दीत आला आणि खिडकीतल्या मुलीनं आपल्या वाट्याचा लाडू टेबलाच्या खाली ठेवत पास हातात दिले.

विमानाबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण त्यात काही झालं नाही. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले, पण काळी-पिवळीनंतर ती जागा मला दिवाणखान्यासारखी वाटली. गरम पाणी ओतून करायचा उपमा विकायला आला. सौं.नी किंमत ऐकली आणि तिखट पुऱ्यांची पिशवी काढली. मधल्या खुर्चीवरची कॉलेजातली मुलगी आधी मोबाइलमध्ये होती, नंतर पुरीत होती. आलापल्ली ते नागपूर आमचा दिवस गेला होता. नागपूर ते पुणे पिशवीतल्या पुऱ्या संपायच्या आत आलं.

पुण्याला भाच्यानं पोळपाट हातात घेतला आणि विचारलं, "मामा, हा इथेही मिळाला असता की?" मामीनं त्याला उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मोठ्या विमान कंपन्यांनी पुन्हा एखादी धाकटी काढायची ठरवली तर तिच्या साहेबांना आधी एक महिना आलापल्ली-चंद्रपूर काळी-पिवळीवर ड्रायव्हरच्या उजव्या हाताला बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि तुम्हाला इकडे यायचं असेल तर जरूर या. आलापल्लीचं वनवैभव हे राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ, २०१४ साली जाहीर झालेलं. तसे जुने साग दुसरीकडे सहज बघायला मिळायचे नाहीत. नागपूरपर्यंत स्वस्त विमान मिळेल, ते खुशाल घ्या. पुढे बायांनी एसटी धरावी, पुरुषांनी काळी-पिवळी. पाठीमागची जागा मिळेपर्यंत मात्र चौकात चहा पीत थांबा, ड्रायव्हर कितीही "निंगलीच गाडी, बसा जी" म्हणाला तरी.