रिकामं बसण्याची विद्या

निवृत्तीनंतर पहिल्याच महिन्यात घरातल्या दोघांना धडधड सुरू झाली. एक मी आणि दुसरी आमची बारा वर्षांची पेट्रोल गाडी. पळत असलो की ठणठणीत, रिकामं बसवलं की थरथर.

आचोळ्यात हे दुखणं परवडत नाही. नालासोपारा स्टेशनकडून आचोळे रोडला लागलं की गाडी चालते कमी आणि बसते जास्त. पुढे रिक्षा, मागे रिक्षा. न्यूट्रलला आरपीएमचा काटा साडेसातशे-आठशेवर गप्प राहायचा, तो भजनातल्या टाळकऱ्यासारखा डोलायला लागला. मग एक आचका, इंजिन बंद आणि मागून हॉर्नांची आरती.

सोसायटीत निदानं फुकट मिळाली. एक म्हणाले, ‘मिसिंग आहे, प्लग बदला.’ दुसरे म्हणाले, ‘पेट्रोलमध्ये पाणी.’ वॉचमन म्हणाला, ‘विकून टाका.’ बायको म्हणाली, ‘तुमचा गुण लागला.’

गॅरेजवाल्या पोराने बॉनेट उघडून एवढंच विचारलं, ‘काका, एअर फिल्टर कधी बघितला होता?’

मी आकाशाकडे बघितलं. त्याने फिल्टर काढून जमिनीवर आपटला. आचोळे रोड दरवर्षी झिजून जातो कुठे, हे कोडं त्या क्षणी सुटलं.

‘आता गळा बघू,’ म्हणत त्याने थ्रॉटल बॉडी उघडली. आत काजळीचा चिकट थर. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ बाहेर न सोडता त्यालाच परत पाजतात म्हणे. म्हणजे स्वतःचेच ढेकर गिळायचे! रेस सोडली की आतली झडप जवळजवळ मिटते आणि कडेच्या केसभर फटीतून येईल तेवढ्याच हवेवर इंजिन तग धरतं. एक ग्रॅम पेट्रोलला जवळपास पंधरा ग्रॅम हवा लागते. फटच बुजली तर बिचारं धापा टाकणारच. मी झडपेला बोट लावायला गेलो, तर पोराने हात धरला. ‘ढकलू नका, आत मोटर आहे.’

मग स्प्रे, जुना टूथब्रश, फडकं. गाडी चालू केली, तर काटा बाराशेवर! ‘गळा मोकळा झालाय हे कॉम्प्युटरला अजून पटलेलं नाही,’ पोरगा म्हणाला. ‘जरा रिकामी बसू द्या.’ मीही शेजारी स्टुलावर बसलो. हळूहळू काटा आठशेवर येऊन निजला.

तेव्हा तुमची गाडी सिग्नलला थरथरत असेल, तर विकण्याआधी फिल्टर काढून आपटून बघा. निवृत्त नवऱ्याला मात्र हा उपाय करू नये. आमच्या घरी तो सुचवून झाला आहे.